ब्रांकुशी ‘आपला नाही’ म्हणणाऱ्या इंदूरच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

होळकरांच्या नावानं दर वर्षी कार्यक्रम करणाऱ्या, स्मरणिका काढणाऱ्या, हेरिटेज वॉक नेणाऱ्या इंदूरच्या सगळ्या मराठी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना आणि सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री ग्रुपवर मेसेज आला. ‘स्मरणिकेत ताईंचा लेख या वर्षी घेता येणार नाही. विषय परदेशी शिल्पकाराचा आहे, होळकरांचा नाही. त्याचा आपल्या समाजाशी संबंध नाही. आणि जे मंदिर बांधलंच गेलं नाही त्याच्यावर चार पानं कशाला.’ ताई म्हणजे मी, आणि लेख होता ब्रांकुशी या शिल्पकारावर आणि आपल्या इंदूरसाठी त्यानं योजलेल्या मंदिरावर. मेसेजखाली पटापट अंगठे आले. मी तिथे काहीच लिहिलं नाही कारण ग्रुपवर वाद घालायचा माझा स्वभाव नाही, आणि खरं सांगायचं तर हात थरथरत होते. चार दिवस विचार केला आणि मग ठरवलं की हे उघडच लिहायचं. संस्थेचं नाव घेत नाही, कुणा एकाचं नाव घेत नाही, कारण हा प्रश्न एका संस्थेचा नाहीच, आपल्या सगळ्यांचा आहे. तुमच्यातले निम्मे लोक मला ताई म्हणतात, उरलेल्यांना मी काका-काकू म्हणत मोठी झाले, त्यामुळे रागानं लिहिते आहे असं समजू नका. पण हा निर्णय मला मान्य नाही आणि तो का मान्य नाही ते नीट सांगणार आहे.

आधी माझा काय संबंध ते. मी रामबागेत वाढले. आमची ही इंदुरातली पाचवी पिढी, मूळ घर वाईकडचं, तिकडे आता कुणी नाही. चित्रकलेच्या कॉलेजात शिल्पकला घेतली आणि पुढे तीस वर्षं शाळेत मुलांना चित्रकला शिकवली. कॉलेजात असताना माणिकबागेच्या, म्हणजे होळकर महाराजांच्या राजवाड्याच्या, रस्त्यानं सायकलवर रोज जायचे. आत कोण राहत होतं हे माहीत होतं, पण आत काय होतं हे माहीत नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात काळ्यापांढऱ्या फोटोत एक उभी लांबट वस्तू, खाली नाव ‘अवकाशातला पक्षी’, शिल्पकार ब्रांकुशी. चोच नाही, पंख नाहीत, डोळे नाहीत. आम्ही मुली त्या पानावर बराच वेळ अडकलो होतो. त्या पक्ष्याची तीन भावंडं आमच्याच गावच्या महाराजांनी घेतली होती, आणि तो माणूस स्वतः इंदूरला येऊन गेला होता, हे मला कळायला पुढे वीस वर्षं लागली. तेसुद्धा इंदुरात नाही कळलं. माझी मुलगी सिडनीला असते, तिनं तिकडून विचारलं, आई तुला हे माहीत होतं का गं?

तर आता तुमच्या तीन मुद्द्यांकडे येते.

पहिला मुद्दा, परदेशी शिल्पकार. हो, परदेशी होता. कॉन्स्टन्टिन ब्रांकुशी, जन्म १९ फेब्रुवारी १८७६, तारीख आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहील अशी आहे, शिवजयंतीचीच. म्हणजे २०२६ हे त्याचं दीडशेवं वर्ष, म्हणूनच तर लेख याच वर्षी यावा असा माझा आग्रह होता. रोमानियातल्या होबित्सा नावाच्या खेड्यात गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्म, लहानपणी मेंढ्या राखायचा. घरातून पळून गेला, दुकानांत आणि हॉटेलात पडेल ते काम केलं, क्रायोवाच्या कारागिरी शाळेत लाकूडकाम शिकला, मग बुखारेस्टला शिल्पकला. आणि मग पॅरिसला जायचं ठरवलं तर गाडीभाड्याला पुरेसे पैसे नाहीत, म्हणून बरीचशी वाट पायी तुडवत, म्युनिकमार्गे, १९०४ मध्ये पॅरिसला पोचला. तिथे हॉटेलात भांडी घासली, रोमानियन चर्चमध्ये प्रार्थना म्हणायचं काम केलं, आणि शिकला. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘परदेशी शिल्पकार’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कुणीतरी सुटाबुटातला श्रीमंत माणूस येतो. हा मेंढ्या राखणारा पोरगा होता. आणि होळकर कोण होते? मल्हाररावांचं घराणं धनगराचं, होळ गावचं. मेंढ्या राखणाऱ्या घरातून आलेल्या एका माणसानं घडवलेले पक्षी मेंढ्या राखणाऱ्या घराण्याच्या राजवाड्यासाठी इंदूरला आले, याच्याइतकी आपल्या समाजाची गोष्ट दुसरी कुठली असणार, मला खरंच समजत नाही.

आणि बाहेरचा म्हणाल तर आपण कोण आहोत हो? आपले पूर्वज मल्हाररावांच्या मागोमाग नर्मदा ओलांडून माळव्यात आले. आपण घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी, सकाळी पोहे-जिलबी खातो आणि गणपतीत अथर्वशीर्ष म्हणतो. आपल्याला कुणी ‘तुम्ही मूळचे इथले नाही’ म्हटलं तर किती लागतं. मग दुसऱ्याला ते इतक्या सहज कसं म्हणतो आपण?

त्याच्या कामाबद्दल थोडं सांगू द्या, कारण लेखातलं तेच पान सगळ्यात आधी ‘कंटाळवाणं’ म्हणून बाजूला ठेवलं गेलं. त्या काळी मोठे शिल्पकार काय करायचे, मातीत काम करायचे, त्याचा प्लॅस्टरचा साचा व्हायचा, आणि मग संगमरवरात तेच हुबेहूब उतरवायला पगारी कारागीर असायचे. साहेबांचा हात दगडाला लागायचाच असं नाही. ब्रांकुशी १९०७ मध्ये रोदँच्या स्टुडिओत थोडे दिवस होता, म्हणजे तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या शिल्पकाराकडे, आणि तिथून तो निघाला. मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही, असं म्हणाला म्हणतात. निघाल्यावर त्यानं छिन्नी-हातोडा स्वतःच्या हातात घेतला आणि थेट दगड फोडायला लागला, आधी मातीचा नमुना नाही, काही नाही. त्याचं ‘चुंबन’ नावाचं शिल्प बघा, एकच ठोकळा, त्यात दोन माणसं एकमेकांना बिलगलेली, डोळ्याला डोळा चिकटलेला, आणि तरी तो ठोकळाच राहतो. ठोकळ्याला तो विसरू देत नाही.

मी कॉलेजात मकराण्याच्या संगमरवराचा एक छोटा तुकडा घेऊन कबूतर करायला बसले होते. तीन महिने काम केलं. मानेशी आले तेव्हा मास्तर म्हणाले, इथे शीर आहे दगडात, जपून. मी जपूनच मारला घाव आणि मान खटकन वेगळी झाली. तो आवाज अजून कानात आहे. म्हणून मला ठाऊक आहे की ब्रांकुशीच्या संगमरवरी पक्ष्याचा खालचा भाग बघताना पोटात का गोळा येतो. वर माणसाच्या उंचीइतका दगड, आणि खाली पायाशी तो निमुळता होत होत मनगटाएवढा बारीक होतो, आणि तिथून पुन्हा जरासा फाकतो. त्या मनगटावर सगळा भार. एक चुकीचा घाव आणि वर्षांचं काम गेलं. आणि एवढं करून झाल्यावर घासणं, ते कुणाकडून करून घ्यायचं नाही, स्वतः. कानस, मग जाडा पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग नुसता हात. ब्रॉन्झच्या पक्ष्यांचंही तेच, ओतकामातून आलेला पक्षी त्याच्या मते अजून झालेलाच नसायचा, घासून घासून तो आरशासारखा व्हायचा तेव्हा कुठे पक्षी. प्रत्येकाचा आकार हातानं थोडा थोडा बदलत जायचा. असे पक्षी त्यानं आयुष्यात सात संगमरवरात आणि नऊ ब्रॉन्झमध्ये केले. सुरुवात केली ती रोमानियन लोककथेतल्या ‘मायास्त्रा’ नावाच्या जादूच्या पक्ष्यापासून, म्हणजे आजीच्या गोष्टीतला पक्षी. दहा-बारा वर्षं तो पक्ष्याचं एकेक काढत गेला, आधी पिसं गेली, मग पाय, मग चोच, आणि शेवटी उरलं ते नुसतं उडणं.

आता दुसरा मुद्दा, ‘होळकरांचा विषय नाही’. हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. आपण अहिल्याबाईंवर बोलतो, बोललंच पाहिजे. मल्हाररावांवर बोलतो. क्रिकेटचा विषय निघाला की होळकर संघ आणि सी. के. नायडूंवर तासभर बोलतो. पण ते ज्या महाराजांच्या काळात झालं ते यशवंतराव होळकर दुसरे, त्यांच्या वाट्याला आपल्या स्मरणिकेत एक फोटो आणि दोन ओळी. हा माणूस १९०८ चा. ऑक्सफर्डला शिकलेला. विशी ओलांडता ओलांडता त्यानं एकार्ट मुथेसियस नावाच्या आपल्याहून थोड्याच मोठ्या जर्मन आर्किटेक्टला इंदूरला आणलं आणि माणिकबाग बांधून घेतली, १९३० पासून पुढच्या तीन वर्षांत. कमानी नाहीत, छत्र्या नाहीत, झरोके नाहीत. सरळ रेषा, लोखंड, काच, वातानुकूलन. आत रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए अशा तेव्हाच्या नावाजलेल्या डिझायनरांचं फर्निचर. युरोपातसुद्धा तेव्हा असं घर विरळा होतं. आणि बरोबर होत्या संयोगिताराजे, कागलच्या घाटग्यांच्या कन्या, म्हणजे कोल्हापूरकडच्या. मान रे या नामवंत फोटोग्राफरनं काढलेले या दोघांचे फोटो जगभर छापले गेले, आणि आपल्या हॉलमध्ये त्यातला एकही लावलेला नाही.

या यशवंतरावांना आंरी-पिएर रोशे या त्यांच्या फ्रेंच मित्रानं ब्रांकुशीच्या स्टुडिओत नेलं. त्यांनी ब्रॉन्झचा एक पक्षी घेतला. मग काळ्या संगमरवराचा एक आणि पांढऱ्या संगमरवराचा एक, असे दोन करायला सांगितले. आणि मग त्या दोघांच्या बोलण्यातून निघालं ते इंदूरचं मंदिर.

म्हणजे तुमचा तिसरा मुद्दा, जे बांधलंच गेलं नाही.

ते काय होणार होतं ते ऐका. त्या काळच्या लोकांच्या आठवणींतून जे वर्णन आलं आहे ते असं, की बाहेरून दार नाही, खिडकी नाही, जमिनीखालच्या वाटेनं आत जायचं, एका वेळी एकानंच. आत मधोमध पाणी. पाण्याभोवती तीन पक्षी, काळा, पांढरा आणि सोनेरी. वर छताला एक छिद्र, आणि ठरावीक वेळी सूर्याची तिरीप त्यातून येऊन बरोबर सोनेरी पक्ष्यावर पडायची. शिवाय एक उंच लाकडी मूर्ती, तिला ब्रांकुशी ‘बुद्धाचा आत्मा’ म्हणायचा. आता मला सांगा, जमिनीखालून वाकून आत जाणं, काळोख, पाणी, मध्येच वरून पडणारा एक कवडसा, हे तुम्हाला परकं वाटतं? आपल्या गाभाऱ्यात आपण वेगळं काय अनुभवतो? कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीचे किरण देवीच्या पायापासून वर चढतात ते बघायला आपण बस करून गेलो होतो, आठवतंय ना. हा माणूस तिबेटी योगी मिलारेपाचं चरित्र वर्षानुवर्षं उशाशी ठेवायचा, त्याला हे असं काही सुचणं साहजिक होतं, आणि ते बांधायला त्याला जगाच्या पाठीवर इंदूर मिळालं.

१९३७ मध्ये तो स्वतःच्या गावाकडे तिर्गु जिऊला पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांचं स्मारक करत होता. तिथला तो अनंत स्तंभ, २९ मीटरच्या वर उंच, ओतीव लोखंडाचे मणी एकावर एक रचल्यासारखा. तो उभा करून ते वर्ष संपता संपता तो बोटीत बसला, आणि १९३८ च्या सुरुवातीला इंदूरला आला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. पण दैव आड आलं. संयोगिताराजे १९३७ मध्येच स्वित्झर्लंडमध्ये वारल्या होत्या, जेमतेम विशीतलं वय. काही आठवडे ब्रांकुशी इथे राहिला, काम पुढे सरकलं नाही, तो परत गेला. पुढे महायुद्ध, पुढे संस्थानं विलीन झाली, सगळंच थांबलं. पण तो इथे होता. आपल्या गावात. जानेवारीतल्या आपल्या थंडीत. माझे आजोबा तेव्हा संस्थानच्या नोकरीत होते, आणि त्यांना यातलं काही विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही, याची रुखरुख मला आयुष्यभर राहणार आहे.

त्याच काळात आपल्याच गावात देवळालीकर मास्तरांची चित्रशाळा होती, १९२७ पासूनची, जिथून बेंद्रे निघाले, जिथे हुसेन शिकले. एकाच छोट्या शहरात हे सगळं एकाच वेळी चाललं होतं. यावर एक अख्खी स्मरणिका काढता येईल आणि आपण चार पानं काढून टाकतो.

मंदिर बांधलं गेलं नाही म्हणून विषय संपतो का? उलट तिथूनच तर माझा प्रश्न सुरू होतो. कारण मंदिर झालं नाही पण पक्षी झाले, आणि ते आपल्या हातून गेले. काळा आणि पांढरा १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं विकत घेतले, ते कॅनबेराला आहेत. ब्रॉन्झचा कॅलिफोर्नियात पासाडेनाला नॉर्टन सायमन संग्रहालयात. ती लाकडी मूर्ती न्यूयॉर्कला गुगेनहाइममध्ये. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मॉन्टे कार्लोला लिलावात गेलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयानं यशवंतरावांवर आणि माणिकबागेवर मोठं प्रदर्शन भरवलं, जग रांग लावून बघायला गेलं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

मी कॅनबेराला गेले होते. मुलीकडे गेले तेव्हा तिनं आणि जावयांनी मुद्दाम एक दिवस काढला, सिडनीहून गाडीनं तीन-साडेतीन तास. दोघं पक्षी वाळूच्या दगडाच्या ओट्यांवर उभे, ओट्यासकट तीन मीटरच्या वर, मान मागे टाकून बघावं लागतं. काळ्याच्या पायाशी पांढऱ्या संगमरवराची गळपट्टी आहे. वरचं टोक तिरकं छाटलेलं, जसं बोरू तासल्यावर दिसतं. मी आधी लांबून बघितलं, मग जवळ गेले, मग एका बाजूला सरकले आणि काळ्या पक्ष्यावरून उजेडाची एक रेघ खालून वर चढत गेली, मी हलले तशी ती हलली. मी थांबले की ती थांबायची. मला रडू आलं. तिथे उभ्या असलेल्या कर्मचारी बाई जवळ आल्या, बरं वाटत नाही का विचारलं, तर मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, हे आमच्या गावचे आहेत. त्यांना ‘इंदूर’ शब्द माहीत होता. आनंद झाला की लाज वाटली ते मला आजही सांगता येत नाही.

अजून एक गोष्ट लेखात होती आणि ती तुम्हाला ‘विषयाला सोडून’ वाटली. १९२६ मध्ये याच मालिकेतला एक ब्रॉन्झचा पक्षी बोटीनं न्यूयॉर्कला गेला, तेव्हा तिथल्या कस्टमच्या लोकांनी ही कला आहे हेच मानलं नाही. कलाकृतीवर जकात नसते, पण त्यांनी तो पक्षी स्वयंपाकघरातल्या आणि दवाखान्यातल्या सामानाच्या यादीत टाकला आणि ४० टक्के जकात लावली. ब्रांकुशी कोर्टात गेला. दोन वर्षं केस चालली, ‘यात पक्षी कुठे दिसतो’ असे प्रश्न भर कोर्टात विचारले गेले, आणि १९२८ च्या नोव्हेंबरात निकाल लागला की ही कलाच आहे. अमूर्त कलेसाठी केवढा मोठा निकाल होता तो. आणि आज आपली माणिकबाग कशाचं ऑफिस आहे? केंद्रीय उत्पादन शुल्काचं, आता जीएसटीचं. ज्या पक्ष्यानं जकातीच्या खात्याशी भांडून आपलं कलापण सिद्ध केलं, त्याच्या भावंडांसाठीचं घर आज कराच्या खात्याकडे आहे. शाळेतल्या मुलांना मी ही गोष्ट सांगायचे तेव्हा वर्ग चिडीचूप व्हायचा. त्या खात्याबद्दल माझी काही तक्रार नाही, वास्तू वापरात आहे म्हणून उभी आहे हेही खरं.

माझी तक्रार आपल्याबद्दल आहे, ती सरळ सांगते. आपल्या हेरिटेज वॉकमध्ये राजवाडा, छत्र्या, लालबाग आहे, माणिकबागेचं नावसुद्धा घेत नाहीत, निदान बाहेरून दाखवून दोन वाक्यं तरी बोलता येतात. शाळांसाठीच्या आपल्या प्रश्नमंजूषेत होळकरांवर पन्नास प्रश्न असतात, त्यात शेवटचे महाराज एकदाच येतात, तेही गादीवर कधी बसले एवढ्यासाठी. संयोगिताराजेंचं नाव तर मी आपल्या कुठल्याच व्यासपीठावर ऐकलेलं नाही. आणि सगळ्यात खुपलं ते हे, की तीन वर्षांपूर्वी मी व्याख्यानासाठी हाच विषय दिला होता तेव्हाही ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाला होतात. मी गप्प बसले. त्या वेळी ऐकायला येतील म्हणालेल्या दोन वयस्कर बाई, ज्यांच्या घरचे माणिकबागेत कामाला होते, त्या आता नाहीत. त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर गेल्या. हे नुकसान कुठल्या स्मरणिकेत भरून निघणार?

‘आपला नाही’ हे ब्रांकुशीनं स्वतःच्या देशाकडूनही ऐकलं होतं. १९५१ मध्ये रोमानियाच्या अकादमीनं त्याचं काम नाकारलं, तेव्हाच्या राजवटीला ते चालत नव्हतं. तिर्गु जिऊचा तो स्तंभ त्याच दशकात पाडायचासुद्धा प्रयत्न झाला, तो पडला नाही. १९५२ मध्ये म्हातारपणी त्यानं फ्रेंच नागरिकत्व घेतलं, अख्खा स्टुडिओ फ्रान्सला देऊन टाकला, १९५७ मध्ये पॅरिसमध्ये वारला. आज रोमानियात त्याच्या जन्मदिवशी राष्ट्रीय दिवस पाळतात, आणि स्टुडिओ मात्र पॅरिसलाच आहे. तिर्गु जिऊच्या स्मारकाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो २०२४ च्या जुलैमध्ये, आणि ती बैठक कुठे झाली माहिती आहे? दिल्लीत. आपल्या देशात त्याच्या नावावर शिक्कामोर्तब झालं आणि ज्या एका भारतीय शहरासाठी त्यानं मंदिर मनात बांधलं त्या शहरातल्या आपल्या ग्रुपवर त्या दिवशी एक मेसेज नाही. मी टाकला होता एक, त्याला दोन नमस्कार आले.

तर माझ्या मागण्या. मोठ्या नाहीत, पैशाच्याही फारशा नाहीत.

लेख याच वर्षीच्या स्मरणिकेत घ्या. चार पानं जड होत असतील तर मी दोन करून देते, पण ‘परदेशी विषय’ हा शेरा मागे घ्या आणि तो मागे घेतल्याचं ग्रुपवरच लिहा, कारण तो ग्रुपवरच दिला होता.

दुसरं, सगळ्या संस्थांनी मिळून, एकेकट्यानं नाही, रीतसर अर्ज करा की माणिकबाग वर्षातून निदान एक-दोन दिवस, सुट्टीच्या दिवशी, कामात अडथळा न येता, कलेच्या विद्यार्थ्यांना आणि नागरिकांना आतून बघता यावी. आणि मुथेसियस, यशवंतराव, संयोगिताराजे, ब्रांकुशी ही चार नावं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असलेली पाटी जिथे परवानगी मिळेल तिथे लागावी. माणिकबागेत नाही मिळाली तर आपल्या हॉलच्या भिंतीवर लावा, तिथे तर कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरं, कॅनबेरा आणि पासाडेनाच्या संग्रहालयांना पत्र लिहा. पक्षी परत द्या असं म्हणायचं नाही, ते रीतसर विकले गेले आहेत. चांगले मोठे फोटो आणि मोजमापं मागायची, आणि आपल्या कॉलेजच्या मुलांकडून त्या तीन पक्ष्यांच्या पूर्ण उंचीच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती शिकण्यासाठी म्हणून करता येतील का ते विचारायचं. पत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, मुलीनं इंग्रजी तपासून दिलं आहे.

आणि शेवटची मागणी सगळ्यात घाईची. आपल्या समाजात ज्यांच्या घरातले कुणी संस्थानच्या काळात माणिकबागेत, बांधकाम खात्यात, मोटारखान्यात, बागेत, मुदपाकखान्यात होते, त्यांच्या घरी जाऊन आठवणी रेकॉर्ड करायच्या, जुने फोटो, पगारपत्रकं, चिठ्ठ्या यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे. नव्वदीच्या पुढचे दोघं मला माहीत आहेत, एक लोकमान्यनगरला आणि एक राजेंद्रनगरला. एकांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे दुपारी जेवणानंतर न जाता सकाळी दहाच्या आत गेलेलं बरं. मी या शनिवारी जाणार आहे. माझ्याबरोबर रेकॉर्डिंग नीट करता येणारं कुणी तरुण आलं तर फार बरं होईल, गाडी माझी आहे.

आपली,
रामबागेतली एक जुनी सभासद
इंदूर